जर्मनीत नव्याने आल्यावर भरवशाचा डॉक्टर आणि योग्य रुग्णालय कसे शोधावे

पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी जर्मनीत आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत घर, नगरपालिकेतील नोंदणी, बँकेचे खाते आणि निवास परवाना यांच्या मागे असतो. डॉक्टर शोधणे हे काम त्या धावपळीत कोणालाच आठवत नाही. आपल्याकडे ते न आठवल्याने फारसे बिघडत नाही, कारण घराजवळ कोणाचा तरी दवाखाना असतोच, तिथे वेळ न ठरवता जाता येते, आणि काही गंभीर निघाले तर नात्यातले किंवा ओळखीतले कोणीतरी ‘अमक्या डॉक्टरांना दाखवा’ असे नेमके नाव सांगते. जर्मनीत आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघालेल्या माणसाला मात्र ‘आम्ही नवे रुग्ण घेत नाही’ हे उत्तर एकापाठोपाठ एक ऐकावे लागते, आणि ताप अंगात असताना परक्या भाषेत ते ऐकणे फार जड जाते.

म्हणून हे काम तब्येत चांगली असतानाच करायचे आहे, आणि ते करण्याची रीतही आपल्या सवयीपेक्षा वेगळी आहे. आपण डॉक्टरची पारख ओळखीवरून आणि नावलौकिकावरून करतो. जर्मनीत डॉक्टरची पात्रता, त्याचे चालू शिक्षण, रुग्णालयाने वर्षभरात कोणत्या शस्त्रक्रिया किती केल्या, यांतील बराचसा भाग कायद्याने तपासला जातो आणि त्याची नोंद सर्वांना पाहता येते. ती नोंद कुठे असते आणि कशी वाचायची हे एकदा समजले की ओळख नसलेल्या गावातही निर्णय घेता येतो.

विमा कोणता, यावर दार ठरते

जर्मनीत आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. १८८३ साली बिस्मार्क यांच्या काळात कामगारांसाठी सुरू झालेल्या या व्यवस्थेत आज देशातील दहापैकी सुमारे नऊ लोक सार्वजनिक विम्याखाली आहेत. हा विमा ‘क्रांकनकासे’ म्हणवल्या जाणाऱ्या संस्था देतात. त्यांत टेखनिकर, बार्मर, डीएके, तसेच विभागवार असलेली आओके ही नावे मराठी मंडळींच्या कानावर लगेच पडतात. पगाराच्या १४.६ टक्के इतका मूळ हप्ता आणि त्यावर प्रत्येक संस्थेचा थोडा वेगळा अधिभार, हे दोन्ही नोकरदार आणि मालक निम्मे निम्मे भरतात. कमावता नसलेला जोडीदार आणि मुले यांना वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात घेता येते. कायद्याने ठरवून दिलेले उपचार सर्व सार्वजनिक संस्थांकडे जवळजवळ सारखेच मिळतात, त्यामुळे कोणती संस्था निवडावी यावर फार डोके शिणवण्याची गरज नाही. मदतीचा फोन इंग्रजीतून चालतो का आणि मोबाइलवरील अ‍ॅप धड आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

खरा विचार करायचा तो खासगी विम्याबाबत. २०२५ साली ज्याचा वार्षिक पगार ७३,८०० युरोंपेक्षा जास्त होता, त्या नोकरदाराला खासगी विमा घेण्याची मुभा होती, आणि ही मर्यादा दरवर्षी बदलते. तरुण, निरोगी आणि एकट्या माणसाला खासगी हप्ता सुरुवातीला स्वस्त पडतो, तज्ज्ञ डॉक्टरची वेळही लवकर मिळते, आणि दलाल नेमके हेच दोन मुद्दे पुढे करतात. परंतु खासगी विम्यात प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा असतो, पुढे सार्वजनिक विम्यात परतणे अवघड असते, आणि वयाच्या ५५ वर्षांनंतर ते जवळपास अशक्य होते. पुढे कुटुंब येणार असेल, तर माझे स्पष्ट मत सार्वजनिक विम्याच्या बाजूने आहे.

विमा कोणता यावर कोणत्या दवाखान्यात जाता येईल हे अवलंबून असते. दवाखान्याच्या पाटीवर ‘आले कासेन’ असे लिहिलेले असेल, तर तिथे सर्व सार्वजनिक विमे चालतात. ‘प्रिवाटप्राक्सिस’ असे असेल, तर तिथे फक्त खासगी विमेदार किंवा स्वतःच्या खिशातून पैसे देणारे रुग्ण घेतले जातात. वेळ ठरवण्याच्या अ‍ॅपवरही सुरुवातीलाच विम्याचा प्रकार विचारला जातो. तिथे चुकीचा पर्याय निवडून पुढे बिल हातात पडल्याच्या तक्रारी नव्याने आलेल्यांकडून वारंवार ऐकू येतात.

हाउसआर्त्स्ट: आधी हा डॉक्टर

घरच्या डॉक्टरला जर्मनीत ‘हाउसआर्त्स्ट’ म्हणतात. आपल्या फॅमिली डॉक्टरशी त्याचे बरेच साम्य असले, तरी एक मोठा फरक आहे. आपल्याकडे पाठ दुखली की माणूस थेट अस्थितज्ज्ञाकडे जातो आणि छातीत धडधडले की थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे. जर्मनीत सार्वजनिक विम्याचा रुग्ण काही तज्ज्ञांकडे थेट जाऊ शकतो, विशेषतः स्त्रीरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्याकडे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मात्र हाउसआर्त्स्टने लिहून दिलेली चिठ्ठी, म्हणजे ‘यूबरवाइझुंग’, मागितली जाते. जुन्या तपासण्या, तज्ज्ञांची पत्रे, रोजची औषधे हे सारे हाउसआर्त्स्टकडे एकत्र येते. तोच डॉक्टर नेहमी पाहणारा असेल, तर दोन तज्ज्ञांनी दिलेली औषधे एकमेकांना बाधणारी आहेत हे कोणाच्या तरी लक्षात येते.

असा डॉक्टर शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ११६११७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय फोनसेवेच्या संकेतस्थळावरील डॉक्टरांची सूची. ती सार्वजनिक विम्याच्या डॉक्टरांच्या प्रादेशिक संघटना चालवतात. देशात अशा १७ संघटना असून त्यांना सगळे ‘केव्ही’ म्हणतात. तिथे आपला पिन कोड टाकून, ‘अल्गेमाइनमेडित्सिन’ म्हणजे सर्वसाधारण वैद्यक ही शाखा निवडून, डॉक्टर बोलत असलेल्या भाषांनुसारही शोध घेता येतो. हिंदी बोलणारा डॉक्टर काही मोठ्या शहरांत सापडतो, मराठी बोलणारा क्वचितच, इंग्रजी बोलणारे मात्र पुष्कळ असतात. घरापासून चालत किंवा एका ट्रामने जाता येईल अशा चार-पाच जणांची यादी करून, सोमवारची सकाळ टाळून, विम्याचे कार्ड घेऊन प्रत्यक्ष जावे. फोन तासन्‌तास व्यग्र असतात, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळते. ‘नेमन झी नॉये पात्सिएन्टेन आउफ?’, म्हणजे ‘तुम्ही नवे रुग्ण घेता का?’, एवढे एक वाक्य पाठ असले तरी काम भागते.

होकार मिळाला की लगेच पहिली वेळ घ्यावी, आणि त्यासाठी आजारी पडण्याची वाट पाहू नये. सार्वजनिक विम्यात १८ ते ३४ या वयात एकदा आणि ३५ नंतर दर तीन वर्षांनी एक सर्वसाधारण तपासणी मोफत असते, आणि पहिल्या भेटीसाठी हे निमित्त उत्तम आहे. त्या भेटीत डॉक्टर तुमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतो का, औषध का देतो किंवा का देत नाही हे समजावतो का, रजेवर असताना त्याच्या जागी कोण पाहते, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी कशी मिळते, हे सगळे कळते. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर पुष्कळ दवाखाने बंद असतात, तेही तेव्हाच विचारून ठेवावे. दर तिमाहीला पहिल्या भेटीत कार्ड यंत्रात घातले जाते, कारण डॉक्टरचा मोबदला तिमाहीनुसार मोजला जातो. त्यामुळे डॉक्टर बदलायचाच असेल, तर तो नव्या तिमाहीपासून बदलणे सोयीचे असते.

येथे एका अपेक्षाभंगाची आधीच कल्पना देणे आवश्यक वाटते. सर्दी-तापासाठी गेलेल्या रुग्णाला जर्मन डॉक्टर अनेकदा विश्रांती, भरपूर पाणी, फार तर आयबुप्रोफेन एवढेच सांगतो आणि सोबत आजारपणाच्या रजेचा दाखला देतो. इंजेक्शन नाही, सलाइन नाही, अँटिबायोटिक नाही, म्हणून आपल्या मंडळींना ‘डॉक्टरने नीट पाहिलेच नाही’ असे वाटते. बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तेव्हा औषध न लिहिणारा डॉक्टर येथे हलगर्जी नसून नियमाने वागणारा असतो. मात्र ताप किती दिवस राहिला तर परत यायचे आणि कोणते लक्षण दिसले तर तातडीने यायचे, हे त्याने सांगितले नसेल तर आपण विचारून घ्यायलाच हवे.

पाटीवरचे शब्द आणि अ‍ॅपवरचे तारे

जर्मनीत वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी राज्याकडून मिळणारा परवाना लागतो. त्यानंतर एखाद्या शाखेत किमान पाच वर्षे प्रशिक्षण घेऊन वैद्यक परिषदेची परीक्षा दिलेल्या डॉक्टरलाच ‘फाखआर्त्स्ट’, म्हणजे तज्ज्ञ, असे लिहिता येते. सार्वजनिक विम्याच्या प्रत्येक डॉक्टरला दर पाच वर्षांत पुढील शिक्षणाचे २५० गुण मिळवून दाखवावे लागतात, अन्यथा त्याच्या मोबदल्यात कपात होते. म्हणजे केव्हीच्या सूचीत नाव असलेला डॉक्टर किमान पात्रतेच्या चाळणीतून गेलेला असतोच, आणि हा दिलासा छोटा नाही.

पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ नसेल तर घाबरू नये. येथे ती उपाधी प्रबंध लिहून मिळते आणि अनेक उत्तम डॉक्टर प्रबंध न लिहिताच व्यवसाय करतात. पाहायचे ते ‘फाखआर्त्स्ट’ आणि त्यापुढे लिहिलेली शाखा. उलट ‘हाइलप्राक्टिकर’ असे लिहिलेले असेल, तर ती व्यक्ती वैद्यकीय पदवीधर असेलच असे नाही. १९३९ सालच्या एका कायद्याने या पर्यायी उपचारकांना मान्यता आहे. त्यांना आरोग्य खात्याची एक चाचणी द्यावी लागते, पण वैद्यकीय पदवीची अट नाही. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या ओढीने आपली माणसे त्यांच्याकडे जातात. भारतात या शाखांची पाच-साडेपाच वर्षांची पदवी असते, तशीच येथेही असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

वेळ ठरवण्यासाठी डॉक्टोलिब हे अ‍ॅप आता सर्वत्र वापरले जाते आणि यामेडा किंवा गूगलवर डॉक्टरांना तारेही दिलेले असतात. वेळ मिळवण्यासाठी ही साधने चांगली आहेत, पारख करण्यासाठी फारशी नाहीत. लोक स्वागतकक्षातील बाई रागावून बोलल्या म्हणून एक तारा देतात आणि हवे ते औषध मिळाले म्हणून पाच. शिवाय डॉक्टरने हरकत घेतली की वादग्रस्त शेरे अनेकदा काढले जातात. मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरील शिफारशींचा उपयोग याहून जास्त आहे, पण तिथेही प्रश्न नेमका हवा. ‘चांगला डॉक्टर सुचवा’ असे विचारल्यास वीस नावे येतील. ‘थायरॉइडची गोळी चालू असलेल्या गरोदर स्त्रीला कोणी नीट वेळ देऊन पाहिले?’ असे विचारल्यास दोनच येतील आणि त्या दोन्हींचा उपयोग होईल.

वेळ मिळत नसेल तेव्हा, आणि रात्री-अपरात्री

तज्ज्ञाची वेळ, म्हणजे येथील मराठी बोलण्यातही रुळलेला ‘टर्मिन’, तीन-तीन महिने मिळत नाही ही तक्रार खरी आहे. अशा वेळी ११६११७ हाच क्रमांक कामी येतो. हाउसआर्त्स्टने निकड ओळखून चिठ्ठीवर बारा अक्षर-अंकांचा संकेतांक दिला असेल, तर ही सेवा साधारण चार आठवड्यांच्या आत तज्ज्ञाची वेळ मिळवून देण्यास बांधील आहे; दवाखान्यांत जागा नसल्यास रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोय करावी लागते. डॉक्टर कोण असावा हे मात्र आपल्याला ठरवता येत नाही, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागू शकते. हा संकेतांक डॉक्टर आपण होऊन देतीलच असे नाही, म्हणून तो मागावा. घरचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि मानसोपचाराची पहिली सल्लाभेट यांसाठी या सेवेला चिठ्ठी लागत नाही. परदेशातील एकटेपणाने मन खचलेल्या विद्यार्थ्याला हे शेवटचे वाक्य विशेषकरून माहीत असावे.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप, कानदुखी, उलट्या असा त्रास झाला, म्हणजे एरवी दवाखान्यात गेलो असतो पण आता तो बंद आहे अशी स्थिती असेल, तरीही ११६११७ लाच फोन करायचा. जिवावर बेतू शकेल अशी शंका असेल, तर मात्र ११२. छातीत दाब, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातातले बळ जाणे, श्वास घेता न येणे, मोठा रक्तस्राव यांपैकी काही असेल तर रुग्णाला टॅक्सीत घालून स्वतः रुग्णालय शोधू नये. रुग्णवाहिकेतील पथकाला अशा रुग्णाला घेऊ शकणारे योग्य रुग्णालय कोणते हे माहीत असते. पक्षाघातासाठी देशात ३०० हून अधिक प्रमाणित ‘स्ट्रोक युनिट’ आहेत, हृदयविकारासाठीही अशीच केंद्रे आहेत, आणि जवळचे रुग्णालय त्यांपैकी असेलच असे नाही. रुग्णवाहिकेच्या खर्चाची भीतीही नको. निकड खरी असेल, तर सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला फार तर १० युरो द्यावे लागतात. फोनवर सर्वांत आधी पत्ता सांगावा, मग काय झाले ते, आणि समोरचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

औषधांच्या दुकानांचीही रात्रपाळी ठरलेली असते आणि त्या रात्री जवळचे कोणते दुकान उघडे आहे हे प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेले असते. चिठ्ठी २०२४ पासून विम्याच्या कार्डावरच इलेक्ट्रॉनिक रूपात येते आणि प्रौढांना प्रत्येक औषधामागे बहुधा ५ ते १० युरो भरावे लागतात.

रुग्णालय निवडताना

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात रुग्णालयांची एक विभागणी पक्की असते. खासगी म्हणजे चकचकीत आणि महाग, सरकारी म्हणजे गर्दीचे आणि नाइलाजाचे. ती विभागणी जर्मनीत सोडून द्यावी लागते. येथे नगरपालिकांची, विद्यापीठांची, चर्चशी संलग्न संस्थांची आणि कंपन्यांच्या मालकीची अशी सर्व प्रकारची रुग्णालये आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी सार्वजनिक विमा सारखाच चालतो. ‘सांक्ट’ अशा संतनामाने सुरू होणारी रुग्णालये चर्चची असली, तरी उपचारांसाठी कोणाचा धर्म विचारला जात नाही. रुग्णालयात दाखल झाल्यास दिवसाला १० युरो, तेही वर्षाकाठी जास्तीत जास्त २८ दिवसांचे, एवढाच भाग रुग्णाला द्यावा लागतो.

मग निवडायचे कशावरून? ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: ही शस्त्रक्रिया येथे वर्षाला किती होतात? वारंवार तेच काम करणाऱ्या पथकाचा हात बसलेला असतो, गुंतागुंत झाल्यास ती लवकर ओळखली जाते, आणि अतिदक्षता विभागालाही त्या रुग्णांची सवय असते. जर्मनीने हा विचार कायद्यात आणला आहे. काही अवघड उपचारांसाठी प्रत्येक रुग्णालयाला वार्षिक किमान संख्या गाठावी लागते, आणि ती गाठण्याची शक्यता नसेल तर त्या उपचाराचे पैसे विम्याकडून मिळत नाहीत. गुडघ्याचा सांधा बदलण्यासाठी ही संख्या ५० आहे, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी २०२५ पासून १००, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ७५, आणि १,२५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांच्या उपचारांसाठी २५. कोणत्या रुग्णालयाला कोणत्या उपचाराची मुभा आहे, हे आओकेने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर सर्वांना पाहता येते. त्यासाठी आओकेचे सभासद असण्याची गरज नाही.

या यादीत नसलेल्या उपचारांसाठी रुग्णालयाचा गुणवत्ता अहवाल पाहावा. तो दरवर्षी प्रसिद्ध करणे प्रत्येक मान्यताप्राप्त रुग्णालयाला बंधनकारक आहे. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि रुक्ष असतो, पण जर्मन रुग्णालय सूचीच्या संकेतस्थळावर आणि मोठ्या विमा संस्थांच्या रुग्णालय-शोधात त्यातील नेमकी माहिती मिळते: एखाद्या विभागात वर्षभरात किती रुग्ण आले, कोणत्या शस्त्रक्रिया किती झाल्या, डॉक्टर आणि परिचारिका किती आहेत. दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तरी पित्ताशयाची शस्त्रक्रिया आठवड्यातून दहा वेळा करणारे रुग्णालय कोणते आणि महिन्यातून दोन वेळा करणारे कोणते, हे स्पष्ट होते. कर्करोगाबाबत आणखी एक खूण आहे. जर्मन कर्करोग संघटना स्तन, आतडे, प्रोस्टेट, फुप्फुस अशा अवयवांनुसार केंद्रांची तपासणी करून प्रमाणपत्र देते, आणि अशा केंद्रांत शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांनी रुग्णावर एकत्र बसून चर्चा करणे अपेक्षित असते. कर्करोगाचे निदान झाल्यावर घाबरून पहिल्या मिळेल त्या जागी दाखल होण्यापेक्षा, असे केंद्र शोधण्यात काही दिवस गेले तरी बहुतेक प्रकारांत ते दिवस वाया जात नाहीत. किती थांबता येईल हे मात्र निदान करणाऱ्या डॉक्टरलाच विचारावे.

विद्यापीठाच्या रुग्णालयांचे, म्हणजे बर्लिनचे शारिटे, हायडलबर्ग, म्युनिक यांचे नाव मोठे आहे आणि दुर्मीळ किंवा गुंतागुंतीच्या आजारासाठी तिथेच जावे. साध्या हर्नियासाठी मात्र मोठ्या नावामागे धावण्याचे कारण नाही. तिथे प्रतीक्षा लांब असते, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रिया नेटाने करणारे शहरातील मध्यम रुग्णालय त्या कामात तितकेच तरबेज असू शकते.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे येथे अविश्वासाचे लक्षण मानले जात नाही. गर्भाशय काढणे, टॉन्सिल काढणे, गुडघ्याचा सांधा बदलणे, मणक्याच्या काही शस्त्रक्रिया अशा ठरावीक प्रसंगी तर हा कायद्याने दिलेला हक्क आहे. डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या किमान दहा दिवस आधी त्याची कल्पना द्यावी लागते आणि खर्च विमा देतो. २०१३ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार उपचार, पर्याय आणि धोके रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. परंतु दुभाष्याचा खर्च सार्वजनिक विमा सहसा देत नाही. संमतीपत्र इंग्रजीत मागावे, भाषा येणारा मित्र सोबत न्यावा, आणि न समजलेल्या कागदावर संकोचाने सही करू नये. घरातील शाळकरी मुलाला जर्मन चांगले येते म्हणून आईच्या आजाराचे भाषांतर त्याच्यावर सोपवू नये. ते ओझे त्याच्या वयाचे नाही, आणि अर्थही निसटतो.

उपचारात चूक झाली अशी शंका आल्यास आपली क्रांकनकासे तज्ज्ञांकडून विनामूल्य तपासणी करून घेण्यास मदत करते, आणि वैद्यक परिषदांकडे तंटे सोडवण्याची समितीही असते.

भारतातून काय आणावे, डॉक्टरला काय सांगावे

उत्तम डॉक्टरलाही अपुऱ्या माहितीवर चांगले काम करता येत नाही. आपली औषधे आपल्याला कंपनीच्या नावाने माहीत असतात. थायरोनॉर्म म्हटल्याने जर्मन डॉक्टरला बोध होणार नाही, लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम म्हटल्यावर लगेच होईल. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून मूळ औषधांची नावे, मात्रा, जुने आजार, शस्त्रक्रिया आणि औषधांची अ‍ॅलर्जी यांचे एक पान इंग्रजीत लिहून घ्यावे. स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिने पुरतील एवढी औषधे सोबत आणता येतात. ती संपल्यावर घरच्यांनी भारतातून टपालाने पाठवणे मात्र नियमात बसत नाही आणि पाकीट सीमाशुल्क खात्यात अडकते. तेव्हा तीन महिन्यांच्या आतच येथील डॉक्टरकडून चिठ्ठी सुरू व्हायला हवी.

रक्ततपासणीची एककेही पाहून घ्यावीत. जर्मनीच्या पूर्व भागात रक्तातील साखर अजूनही मिलिमोलमध्ये मोजली जाते. तिथला ७ हा आकडा १८ ने गुणला की आपल्या ओळखीचा १२६ येतो. शाकाहारी घरांतील माणसांनी बी-१२ जीवनसत्त्वाचा विषय स्वतः काढावा, आणि आपल्याकडील लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो हे सांगून त्याची तपासणी मागावी. थॅलेसेमिया मायनर असल्याचे माहीत असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण कमी हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या सुरू होण्याची शक्यता असते. बीसीजीची लस आपल्याकडे जन्मतःच देतात, जर्मनीत ती १९९८ पासून सुचवली जात नाही, आणि त्या लशीमुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी सदोष येऊ शकते, हे तरुण डॉक्टरच्या लक्षात येईलच असे नाही.

लहान मुलांच्या लसीकरणाचे मूळ कार्ड हा तर पासपोर्टइतकाच महत्त्वाचा कागद समजावा. मार्च २०२० पासून बालवाडीत किंवा शाळेत प्रवेशासाठी गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे. येथे परिचारिका म्हणून काम करायला येणाऱ्या मराठी तरुण-तरुणींनाही तोच नियम लागू आहे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरबरोबरच सुईण, म्हणजे ‘हेबामे’, अगदी पहिल्या महिन्यांत शोधायला लागावे. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळाला आणि आईला पाहते, त्याचा खर्च विमा देतो, आणि आई किंवा सासू भारतातून येऊ शकत नसेल तेव्हा तिच्यासारखा आधार नाही. पण त्या फार कमी आहेत आणि उशीर केल्यास मिळत नाहीत.

भेटीला येणारे आईवडील

आईवडील पाहुणे म्हणून आले, की ते मुलाच्या विम्यात येत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि अनेक जण फक्त व्हिसापुरता सर्वांत स्वस्त विमा घेतात. अशा विम्यातून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आधीचे आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणजे साठी-सत्तरीच्या माणसाला नेमके जे होण्याची शक्यता जास्त, तेच. म्हणून विमा घेताना आधीच्या आजाराची अचानक उद्भवलेली निकड त्यात येते का, हे लेखी विचारावे, चार पैसे जास्त पडले तरी. किरकोळ त्रासासाठी आपल्या हाउसआर्त्स्टला आधीच विचारून ठेवावे. बरेच डॉक्टर अशा पाहुण्यांना स्वतः पैसे देणारे रुग्ण म्हणून पाहतात आणि सरकारी दरपत्रकानुसार बिल देतात. आईवडिलांनी सर्व मुक्कामाची औषधे, शेवटचा ईसीजी आणि रुग्णालयातून सोडतानाचे जुने कागद सामानात न ठेवता हातातील पिशवीत आणावेत. गंभीर प्रसंगी विमा कंपनीची परवानगी विचारत न बसता आधी ११२ ला फोन करावा, आणि रुग्ण दाखल होताच, त्याच दिवशी, कंपनीच्या मदतकेंद्राला कळवावे, कारण पुष्कळ विम्यांत तशी अट असते आणि उशीर हे दावा नाकारण्याचे निमित्त ठरू शकते.